हाताशी मिळणाऱ्या भागांतून रोव्हर : सुट्या भागांची निवड कशी करावी?

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला आहे, पाभर बांधावर उभी आहे आणि ऐन वेळी एखाद्या यंत्राचे बेअरिंग निकामी झाले, असा प्रसंग शेतकऱ्यास नवा नाही. ते बेअरिंग तालुक्याच्या पेठेत मिळत असेल, तर दुपारनंतर काम पुन्हा सुरू होते. तेच परगावाहून मागवावे लागले, तर आठवडा जातो आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. यंत्र चांगले की वाईट, हे केवळ त्याच्या जोरावरून ठरत नाही. त्याचा मोडलेला भाग किती लवकर आणि किती जवळ मिळतो, ह्यावरूनही ठरते. औताच्या निवडीत शेतकरी हा विचार पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. गावातील तरुण हौसेने जी नवी यंत्रे बनवू लागले आहेत, त्यांनाही हाच विचार लागू पडतो.

अशा यंत्रांपैकी एक म्हणजे रोव्हर. खडबडीत जमिनीवर स्वतःच्या चाकांनी हिंडणारी, विजेच्या मोटारींवर चालणारी आणि दुरून हुकूम घेणारी ही लहान गाडी होय. ती नांगरट करणार नाही की ओझी वाहणार नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु कॅमेरा बसवून दोन ओळींमधून पिकाची छायाचित्रे घेणे, ठिबकची नळी कोठे गळते ते पाहणे, एवढी कामे तिच्याकडून होऊ शकतात. त्याहून मोठा लाभ शिक्षणाचा आहे. लोखंडकाम, वीजकाम आणि गणित ही तिन्ही ज्यात एकत्र येतात, असे दुसरे काम विद्यार्थ्यांस क्वचितच मिळते.

परंतु अशा पुष्कळ गाड्या दोन-चार महिन्यांतच शाळेच्या माळ्यावर जाऊन पडतात. कारण बहुधा एकच असते. एखादा विशिष्ट भाग तुटतो आणि तो पुन्हा मिळत नाही. घरच्यांनी दिलेले पैसे वाया जातात आणि मुलाची उमेदही खचते. हे टाळण्याचा उपाय गाडी बांधण्यापूर्वीच करावयाचा असतो.

आकाशातील गाड्यांचा धडा

१९९७ साली मंगळावर उतरलेली सोजर्नर ही सहा चाकांची गाडी होती. तिच्या मोटारी मुळात बाजारात विकल्या जाणाऱ्या जातीच्या होत्या. त्यांत आवश्यक तेवढाच फेरफार करण्यात आला. तिचा रेडिओ-संच मूळचा व्यापारी बनावटीचा होता आणि तिचे गणकयंत्र ८०सी८५ ह्या जुन्या, परिचित चिपवर चालत असे. २०२१ साली मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी ह्या लहान हेलिकॉप्टरमध्ये तर मोबाइल फोनसाठी बनविलेली चिप होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्यावर त्यातून बाहेर पडलेली प्रज्ञान ही २६ किलो वजनाची गाडीही सहा चाकांचीच होती.

ह्या गाड्यांची चाके ‘रॉकर-बोगी’ नावाच्या जुळणीवर बसविलेली असतात. गाडीच्या प्रत्येक बाजूस एक मोठा दांडा व त्यास बिजागरीने जोडलेला एक लहान दांडा असतो, आणि दोन्ही मिळून तीन चाके धरतात. दोन्ही बाजूंचे मोठे दांडे एका आडव्या दांड्याने परस्परांस जोडलेले असतात. एक बाजू दगडावर चढली, तरी मधला सांगाडा दोन्ही बाजूंच्या मधल्या कोनात राहतो आणि सहाही चाके जमीन सोडीत नाहीत. ह्या जुळणीत एकही स्प्रिंग नाही. दांडे, बिजागऱ्या आणि बेअरिंगे एवढ्यावर ती उभी राहते. म्हणूनच गावातील कारागिरास ती बनविता येते.

अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने २०१८ साली अशा गाडीचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. सर्व भाग विकत मिळणारेच असावेत, असा त्यामागील हेतू होता; तरी त्या वेळी खर्च सुमारे अडीच हजार डॉलर येत असे. त्याच सुमारास एका हौशी रचनाकाराने ‘सॉपी’ नावाचा दुसरा आराखडा प्रसिद्ध केला. त्याचा खर्च पाचशे डॉलरांच्या आसपास ठेवला होता. सहा चाके फिरविण्यास सहा आणि कोपऱ्यांवरील चार चाके वळविण्यास चार, अशा दहा मोटारी दोन्ही आराखड्यांत आहेत. सॉपीमध्ये ६०८ क्रमांकाची बेअरिंगे आणि ८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळ्या आहेत. चाके-लावलेल्या फळीच्या खेळण्यांत तेच बेअरिंग असल्यामुळे ते जगभर मिळते. खर्चातील अंतर पुष्कळ अंशी अशाच निवडीतून पडले आहे.

प्रत्येक भागास विचारावयाचे चार प्रश्न

कोणताही भाग घेण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. हा भाग किमान दोन वेगवेगळ्या दुकानांत मिळतो काय?

२. तो आणखी कोणत्या यंत्रात वापरला जातो? पंखा, दुचाकी, फवारणी पंप, पिठाची गिरणी ह्यांत जो भाग खपतो, तो दुकानदार नेहमी ठेवतो.

३. त्यावर सर्वमान्य क्रमांक किंवा माप आहे काय? केवळ कंपनीचे नाव असलेला भाग कंपनीबरोबरच जातो. मापाचा भाग मागे राहतो.

४. तो न मिळाल्यास त्याच्या जागी दुसरे काय बसेल?

चारही प्रश्नांस समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर शक्यतो आराखडा बदलावा. बाजार बदलता येत नाही. कागदावरील रेघ मात्र खोडता येते.

नटबोल्ट : लहान वस्तू, मोठी अडचण

गाडीत सर्वांत अधिक संख्येने लागणारी वस्तू म्हणजे नटबोल्ट. सबंध गाडीत दोनच मापे ठेवावीत. सांगाड्यास ६ मिलिमीटर आणि मोटारी व पाट्या बसविण्यास ४ मिलिमीटर, एवढे पुरेसे होते. ६ मिलिमीटरच्या बोल्टास १० नंबरचा पाना लागतो व तो प्रत्येक दुचाकी-दुरुस्तीच्या दुकानात असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या लोहाराकडे दोन सुती, म्हणजे पाव इंची, बोल्ट मिळतो. त्याची जाडी ६.३५ मिलिमीटर असते. वरवर पाहता तो ६ मिलिमीटरच्या बोल्टासारखाच दिसतो, परंतु दोहोंचे आटे वेगळे असतात. जोराने फिरविल्यास आटे जातात व जोड कायमचा बिघडतो. इंची आणि मेट्रिक माल एका डब्यात कधीही ठेवू नये. चालताना गाडीस धक्के बसत असल्यामुळे नट ढिले होतात. ह्यासाठी आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत.

बेअरिंग

बेअरिंगाचा क्रमांक म्हणजेच त्याचे माप होय. ६०८ म्हणजे आतील भोक ८, बाहेरील व्यास २२ व रुंदी ७ मिलिमीटर. ६२०१ म्हणजे अनुक्रमे १२, ३२ व १०. ६२०२ म्हणजे १५, ३५ व ११. शेवटची दोन बेअरिंगे छताच्या पंख्यात सर्रास वापरली जात असल्याने मोटार-रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात मिळतात. लहान गाडीस ६०८ पुरते. दांड्यांच्या मुख्य बिजागरीस ६२०१ घातल्यास ती दीर्घकाळ टिकते.

क्रमांकापुढील अक्षरांकडेही लक्ष द्यावे. झेडझेड असल्यास दोन्ही बाजूंस पत्र्याची झाकणे असतात. टूआरएस असल्यास रबरी. शेतातील धूळ व चिखल ह्यांपासून रबरी झाकण अधिक संरक्षण देते. किमतीत अंतर थोडे असते. टिकाऊपणात मात्र पुष्कळ.

सांगाडा व चाके

आराखड्यांत परदेशी ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्या सुचविलेल्या असतात. त्यांचा हट्ट धरू नये. खिडक्या-दारे बनविणाऱ्याकडे २० मिलिमीटर चौकोनी लोखंडी नळी मिळते व वेल्डिंगही तेथेच होते. मांडणीच्या रॅकला लागणारी छिद्रांची कोनपट्टी घेतल्यास वेल्डिंगचीही गरज उरत नाही. ती जड असते. परंतु आधीच छिद्रे असल्याने चूक झाली तर जोड हलविता येतो. पहिल्या गाडीस हा गुण फार उपयोगी पडतो. पीव्हीसी नळी हलकी व स्वस्त असली, तरी उन्हात वर्षभर राहिल्यास ठिसूळ होते, हे प्रत्येक बागायतदार जाणतोच.

काही भाग त्रिमिती छपाईच्या यंत्रावर बनविता येतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ सालीच फॅब लॅब ही सार्वजनिक कार्यशाळा सुरू झाली, आणि २०१६ पासून उभारण्यात आलेल्या शाळांतील अटल टिंकरिंग लॅबमध्येही अशी यंत्रे दिली जातात. मात्र छपाईस नेहमी वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवलेला भाग वाकडा होणे अशक्य नाही. भार सोसणारे भाग लोखंडाचेच असावेत.

चाकांसाठी सामानाच्या ट्रॉलीची १५ सेंटिमीटर व्यासाची रबरी चाके पेठेत मिळतात. काळ्या जमिनीत ओली माती चाकास लपेटते आणि पाहता पाहता चाकाचा गोळा होतो. म्हणून खाचा फार खोल ठेवू नयेत आणि वाफसा होण्यापूर्वी गाडी शेतात नेऊ नये. रुंदी ठरविताना पिकाच्या ओळींतील अंतर मोजावे. कपाशीच्या ९० सेंटिमीटरच्या ओळींत जी गाडी सुखाने फिरते, ती सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटरमध्ये शिरणार नाही.

मोटारीचा हिशेब

मोटार निवडताना अंदाजावर विसंबू नये. हिशेब सोपा आहे. सामानासह गाडीचे वजन २० किलो धरू. चार हात पुढे गेल्यावर एक हात वर चढणाऱ्या उतारावर वजनाच्या पाव भागाएवढा, म्हणजे ५ किलो, जोर लागतो. भुसभुशीत मातीचा अडथळा वजनाच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे ४ किलो धरावा. एकूण ९ किलो झाले. चाकाची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर असल्याने ९ गुणिले ७.५, म्हणजे सुमारे ६८ किलो-सेंटिमीटर पीळ सहा चाकांत मिळून हवा. प्रत्येक चाकास ११ ते १२ आला. खड्ड्यात दोन-तीन चाकांवरच भार येत असल्याने ह्याच्या दुप्पट, म्हणजे २५ किलो-सेंटिमीटर काम देणारी मोटार घ्यावी. पाटीवर मोटार अडून थांबतानाचा पीळ लिहिलेला असेल, तर तो ३५ पेक्षा कमी नसावा.

वेग मिनिटास १५ मीटर पुरेसा आहे. १५ सेंटिमीटरच्या चाकाचा घेर ४७ सेंटिमीटर असतो. म्हणून मिनिटास ३० ते ३२ फेरे घेणारी मोटार हवी. ‘१२ व्होल्ट, ३० फेरे, धातूचा गिअर’ एवढे सांगितल्यास दुकानदारास कळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही ह्या मालाची प्रसिद्ध ठिकाणे होत.

मोठ्या गाडीस मोटारीच्या काचेवरील वायपरची मोटार उत्तम. ती ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात व भंगारातही मिळते. तिच्या आतील रचनेमुळे वीज बंद केल्यावर चाक उतारावरून आपोआप घरंगळत नाही. मात्र अशा पुष्कळ मोटारींचा एक ध्रुव मोटारीच्या धातूच्या अंगालाच जोडलेला असतो. उलट फिरविताना ते अंग लोखंडी सांगाड्यास टेकलेले असल्यास वीज आडमार्गाने जाऊन मंडल जळते. मोटारीखाली रबर घालावे, बोल्टासही रबरी नळी चढवावी, किंवा ओळखीच्या वायरमनकडून तो ध्रुव वेगळा करून घ्यावा.

गाडीचा भार मोटारीच्या आसावर टाकू नये. भार बेअरिंगाने घ्यावा, मोटारीने केवळ फिरवावे. बैलाने ओढावे, गाडीचे वजन चाकांनी सोसावे, असाच हा न्याय आहे.

बॅटरी : घरात असलेलीच वापरावी

अनेक शेतकऱ्यांच्या घरी पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप असतो. त्यातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी ह्या गाडीस योग्य आहे. तिचा चार्जरही घरात असतो, आणि ती संपल्यास नवी कृषी-सेवा केंद्रात मिळते.

बारा गुणिले आठ म्हणजे ९६ वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते; म्हणून ४८ च हाताशी धरावेत. वर सांगितलेल्या कठीण चढावर गाडी सुमारे ५० वॉट घेते, तेव्हा सुमारे तासभरच पुरेल. सपाट, कडक जमिनीवर २० वॉटांत भागल्यास दोन तास चालेल.

लिथियमच्या १८६५० जातीच्या पेशी हलक्या असतात. नावातच माप आहे : व्यास १८ व लांबी ६५ मिलिमीटर. परंतु त्यांत फसवणूक फार. एका पेशीत सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तासांहून फारशी अधिक वीज मावत नाही. ९९०० असे छापलेली पेशी खोटी समजावी. संरक्षक मंडलाशिवाय ह्या पेशी भारित केल्यास आग लागू शकते. नवशिक्याने आरंभ शिशाच्या बॅटरीनेच करावा. बॅटरी कोणतीही असो, तिच्या धन टोकाजवळच मोटारगाडीत वापरतात तसा १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. तो कोणत्याही ऑटो दुकानात मिळतो आणि मोठे नुकसान टाळतो.

विजेचे मंडल

मोटारी उलटसुलट फिरविण्यास चालक-पाटी लागते. एल२९८एन ही पाटी सर्वत्र मिळते व स्वस्त आहे. परंतु एका बाजूस २ अँपिअरपेक्षा अधिक वीज ती सोसत नाही, आणि सुमारे २ व्होल्ट स्वतःच खाते. मोटार अडकल्यावर किती अँपिअर घेते, ते आधी मोजावे. पाटी त्याहून मोठी घ्यावी. पाटीवर छापलेला मोठा आकडा बहुधा क्षणभराचा असतो, सततचा नव्हे.

हुकूम देणारी पाटी म्हणून आर्डुइनो उनो किंवा ईएसपी३२ घ्यावी. उनो ५ व्होल्टवर चालते, शिकण्यास सोपी आहे आणि तिच्या अनुकृती विपुल मिळतात. ईएसपी३२ मध्ये बिनतारी संपर्क आतच असल्याने मोबाइलवरून गाडी चालविता येते. मात्र तिची टोके ३.३ व्होल्टची असतात व ५ व्होल्ट दिल्यास जळतात. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या आराखड्यात रास्पबेरी पाय हा लहान संगणक आहे. २०२१ पासून २०२३ पर्यंत चिपांच्या जागतिक तुटवड्यामुळे तो छापील किमतीस मिळणे दुरापास्त झाले होते. सर्वत्र मिळणारी वस्तूही एखाद्या काळी दुर्मिळ होऊ शकते, हा त्याचा धडा. म्हणून सर्व तारा पाटीवर थेट डाखू नयेत. स्क्रूच्या जोडण्या ठेवाव्यात, म्हणजे पाटी बदलली तरी गाडी तीच राहते.

सुट्या भागांची वही

प्रत्येक गाडीबरोबर एक वही असावी. तीत पाच रकाने आखावेत : भागाचे नाव, माप किंवा क्रमांक, मिळण्याची दोन ठिकाणे, पर्यायी भाग आणि शिल्लक नग. खरेदीच्या वेळीच एक जादा मोटार, दोन जादा बेअरिंगे, एक चालक-पाटी, पाच फ्यूज आणि मूठभर नटबोल्ट घेऊन ठेवावेत. गिअरच्या मोटारी बाहेरून सारख्या दिसल्या, तरी पुढील खेपेस आलेल्या मालात आसाची जाडी किंवा बोल्टांच्या भोकांतील अंतर बदललेले असू शकते. म्हणून मोटारी एकाच खरेदीत घ्याव्यात आणि त्यांची मापे वहीत उतरवून ठेवावीत.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामकार्यकर्त्याने रोव्हर स्वतः बांधलाच पाहिजे, असे नाही. गावातील मुले असा विचार करीत असल्यास त्यांना प्रथम वेल्डर, वायरमन, रिवाइंडिंगवाला आणि दुचाकी-दुरुस्ती करणारा ह्यांच्याकडे घेऊन जावे. कोणता माल येथे नेहमी असतो, हे विचारून टिपून घ्यावे. आधी वही, मग आराखडा, मग खरेदी, हा क्रम राखावा. पहिली गाडी चारच चाकांची आणि वळणाच्या मोटारींवाचूनची केली, तरी चालेल. एका बाजूची चाके पुढे व दुसऱ्या बाजूची मागे फिरविल्यास ती जागीच वळते. ती वर्षभर चालल्यावर सहा चाकांकडे वळावे.

जो मुलगा आपल्या गाडीचे बेअरिंग क्रमांक सांगून आणतो, स्वतः बसवितो आणि का गेले ते समजून घेतो, तो उद्या घरचा पंप, मळणीयंत्र आणि ठिबकचा फिल्टरही उघडून पाहील. ऐन हंगामात कारागिराची वाट पाहत बसण्याची पाळी त्या घरावर सहसा येणार नाही. रोव्हर शेतात किती हिंडला, ह्यापेक्षा हा लाभ मोठा होय.